पाण्यापलीकडचं रान: वासोट्याची वाट

साताऱ्याहून कास पठार ओलांडून घाट उतरलं की बामणोली लागते आणि समोर शिवसागर जलाशय आडवा येतो. पलीकडच्या काठावर सह्याद्रीची मुख्य धार, तिच्या माथ्यावर वासोटा किल्ला, आणि पाणी व किल्ला यांच्या मधे कोयना अभयारण्यातलं दाट रान. वासोट्याची नेहमीची वाट बोटीनं सुरू होते. तास-दीड तास पाण्यातून प्रवास, मग दीड-दोन तासांची जंगलातली चढण, गडावर थोडा वेळ, आणि अंधाराआधी त्याच वाटेनं परत. ट्रेक नेणाऱ्या संस्था या वाटेला ‘मध्यम’ श्रेणीत टाकतात. दोर लागत नाही, कातळ चढावा लागत नाही, चालण्याची सवय असलेला कुणीही माणूस वर पोचतो. तरी महाराष्ट्रातल्या मध्यम वाटांमध्ये ही वाट वेगळी आहे. तिचा अवघडपणा आणि तिचं देखणेपण या दोन्ही गोष्टी पाण्यानं घडवलेल्या आहेत. हे पाणी इथं कसं आलं, त्यानं काय बुडवलं आणि काय राखलं हे ठाऊक असलं, तर वाटेवर दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. सह्याद्रीतून पूर्वेकडं निघणाऱ्या बहुतेक नद्या डोंगर सोडून लगेच देशावर उतरतात. कोयना मात्र सह्याद्रीच्या धारेला समांतर, दक्षिणेकडं वाहत जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्या वळणाच्या अलीकडं, कोयनानगरला, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं. नदीचं खोरं अरुंद आणि लांबट असल्यामुळं मागं साठलेलं पाणीही तसंच लांबट पसरलं, सुमारे ५० किलोमीटर उत्तरेकडं, थेट तापोळ्याच्या वर. सोळशी आणि कांदाटी या उपनद्यांच्या खोऱ्यांतही ते शिरलं. धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये साधारण २,८३० कोटी. वर्तमानपत्रात पावसाळाभर ‘कोयना इतके टीएमसी’ असं आपण वाचतो, त्या आकड्याचा अर्थ बोटीत बसल्यावर कळतो. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे हिरवट काळं पाणी, आणि तासभर बोट चालली तरी पाणी संपत नाही.

हे पाणी जातं कुठं, ही गोष्ट मला या सगळ्या प्रदेशातली सर्वांत विलक्षण वाटते. सह्याद्रीची धार ही पाण्याची फाळणी आहे. धारेच्या पश्चिमेला पडलेला पाऊस वाशिष्ठीतून काही तासांत अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला पडलेला पाऊस कोयनेतून कृष्णेत आणि मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जातो. दोन्ही समुद्रांच्या मधली रेघ वासोट्याच्या माथ्यावरून जाते. कोयना प्रकल्पात माणसानं ही रेघ आतून भेदली. पूर्वेकडं जाणारं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं, पोफळीला भूमिगत वीजगृहात शेकडो मीटर खाली सोडलं, आणि वीज काढून झाल्यावर वाशिष्ठीच्या खोऱ्यात दिलं. पुढच्या टप्प्यांसाठी १९९९ आणि २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाशी बोगदा आणून शेवटचा खडकाचा पडदा पाण्याखाली सुरुंगानं उडवला गेला. मराठी माणूस या कामाला ‘लेक टॅपिंग’ म्हणूनच ओळखतो. सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९०० मेगावॉटच्या वर आहे. महाराष्ट्रातल्या कारखान्यांना आणि घरांना संध्याकाळी अचानक जास्त वीज लागते तेव्हा ती भागवणाऱ्या केंद्रांमध्ये कोयनेचा नंबर वरचा आहे.

या पाण्याखाली गावं आहेत. शंभराच्या आसपास गावं धरणात पूर्ण किंवा अंशतः गेली. भातखाचरं, देवळं, घराची जोती, नदीकाठचे आंब्याचे मळे, एका गावातून दुसऱ्या गावात जाणाऱ्या पायवाटा, सगळं बुडालं. माणसांना कुठं कुठं पाठवलं गेलं पाहा: काहींना सोलापूर-सांगलीच्या कोरड्या मुलखात, काहींना रायगड-ठाण्याकडं. वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या खोऱ्यातला शेतकरी माणदेशाच्या कडेला नेऊन बसवायचा, हा निर्णय कागदावर सोपा असेल, जगायला फार कठीण होता. अनेकजण कुठंच गेले नाहीत. पाणी जसं वर चढलं तसे तेही डोंगर चढून वर सरकले आणि नव्या काठावर घरं बांधून राहिले. जावळी-पाटणच्या घरटी एखादा तरी माणूस मुंबईच्या गोदीत किंवा बाजारपेठेत माथाडी म्हणून राबला, त्यामागं या बुडालेल्या जमिनीही आहेत. मग १९८५ मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झालं, २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि काठावर राहिलेल्यांपैकी काही गावांवर पुन्हा उठायची वेळ आली. एकाच कुटुंबानं दोन पिढ्यांत दोनदा घर मोडल्याची उदाहरणं या खोऱ्यात आहेत. वासोट्याच्या रानात आज जी शांतता मिळते तिची किंमत कुणीतरी चुकती केली आहे.

धरणानं आणखी एक गोष्ट केली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे चारनंतर कोयनानगर परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, हजारो घरं पडली. दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीनं स्थिर मानलं जात होतं, त्या समजुतीला त्या पहाटे तडा गेला. जलाशयातलं पाणी खडकांच्या भेगांमधून खोलवर झिरपतं, तिथल्या रंध्रांमधला दाब वाढवतं, आणि आधीच ताणाखाली असलेला प्रस्तरभंग सरकायला निमित्त मिळतं, असं त्यामागचं कारण शास्त्रज्ञ सांगतात. जलाशयामुळं चालना मिळालेल्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचं नाव जगभर घेतलं जातं. धक्के आजही अधूनमधून बसतात, बहुतेक सगळे सौम्य. या अभ्यासासाठी कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विंधण घेतलं गेलं, तेव्हा साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइटी खडक लागला. आपण ज्याला काळा कातळ म्हणतो तो इथं सव्वा किलोमीटर जाडीचा आहे, आणि वासोट्याची चढण त्याच थराच्या वरच्या भागातून जाते.

आता वाटेकडं येऊ.

बोट मेट इंदवलीच्या काठाला लागते. नोव्हेंबरात तलाव भरलेला असतो तेव्हा झाडीपर्यंत पाणी असतं. मार्च-एप्रिलनंतर पाणी मागं हटतं आणि उतरल्यावर भेगाळलेल्या गाळातून, वाळक्या गवतातून बरंच चालावं लागतं. उघड्या जमिनीचा हा पट्टा म्हणजे कधीकाळची शेतं. काठावर वनखात्याची चौकी आहे. नोंद होते, पिशव्या तपासल्या जातात, प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुडे मोजून अनामत घेतली जाते, परत येताना तेवढेच नग दाखवले की पैसे परत मिळतात. सह्याद्रीतल्या लोकप्रिय गडांवर कचऱ्याचे ढीग पाहिलेल्या माणसाला ही साधी पद्धत किती परिणामकारक आहे ते वासोट्यावर स्पष्ट दिसतं. पावसाळ्यात वाट बंद असते, गडावर मुक्कामाला परवानगी नाही, आणि परतीची वेळ ठरलेली असते. नियम आणि शुल्क बदलतात, म्हणून निघण्याआधी बामणोलीत चौकशी करून ओळखपत्रासह परवाना घ्यावा.

चौकीनंतर वाट एकदम झाडीत शिरते. सुरुवातीचा टप्पा जवळजवळ सपाट आहे. एका ओढ्यापाशी मारुती आणि गणपतीच्या जुन्या मूर्ती आहेत. पाणी भरून घ्यायची ही जागा, कारण पुढं गडमाथ्यापर्यंत भरवशाचं पाणी नाही. ओढा ओलांडला की चढण सुरू होते.

या चढणीला एक चाल आहे. खडी चढण, मग थोडी सपाटी, पुन्हा खडी चढण. सह्याद्रीत कुठंही गेलात तरी हाच क्रम जाणवेल, आणि त्याचं कारण खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एक थर आला, थिजला, काही काळ गेला, मग दुसरा आला. हे थर चुलीपाशी रचलेल्या भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक बसले. काही थर घट्ट आणि टणक आहेत, काही पोकळ्यांनी भरलेले, ठिसूळ. पाऊस ठिसूळ थर लवकर झिजवतो, टणक थर कड्यासारखे उभे राहतात. त्यामुळं डोंगराला पायऱ्या पडतात. ठिसूळ थराच्या जागी जी सपाटी तयार होते, तिच्यावर वरून झिजून आलेली माती साठते, पाणी धरून राहते आणि तिथं रान दाट माजतं. डोंगरातली माणसं त्या सपाटीला ‘पदर’ म्हणतात. वासोट्याच्या वाटेवर दम खायला जिथं थांबावंसं वाटतं, तो बहुधा पदर असतो.

वेळेचा अंदाज कसा बांधायचा? विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला, तो अजून वापरात आहे. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. वासोट्याच्या बाबतीत पाण्यापासून माथ्यापर्यंतची उंची साधारण पाचशे मीटर आणि एका बाजूचं चालणं साडेतीन-चार किलोमीटर धरलं, तर हिशेब दीड तासाच्या थोडा पुढं जातो. हा न थांबता चालणाऱ्या तंदुरुस्त माणसाचा वेळ. दहाजणांच्या गटात दोन मुलं आणि एखादे साठीचे काका असतील तर दोन ते अडीच तास धरा. गटाचा वेग हा सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग असतो. हे मान्य करून आखणी केली नाही की पुढचे वर पोचून कंटाळतात आणि मागचे धापा टाकत घाई करतात.

धाप का लागते तेही समजून घेण्यासारखं आहे. ७० किलोचा माणूस पाचशे मीटर वर जातो तेव्हा फक्त शरीर उचलायला साधारण ८० किलोकॅलरी काम होतं. पण स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून शरीर प्रत्यक्षात साडेतीनशेच्या वर खर्च करतं. उरलेली सगळी ऊर्जा उष्णता होते. ती घामावाटे बाहेर टाकायची तर अर्धा लिटर घाम पूर्ण वाळायला हवा. दाट रानात वारा पोचत नाही आणि हवा दमट असते, त्यामुळं घाम वाळण्याआधी ओघळून जातो, गारवा मिळत नाही आणि शरीर आणखी घाम काढतं. सावलीत चालत असूनही सदरा पिळून काढावा लागतो तो यामुळं. म्हणून माणशी किमान दोन-तीन लिटर पाणी, सोबत थोडं मीठ-साखर किंवा लिंबू, आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट पिणं. गूळ-शेंगदाणे किंवा खजूर खिशात असावेत. पोटभर पोहे खाऊन चढायला लागलेला माणूस पहिल्याच चढणीला बसतो, कारण पचनाला आणि पायांना रक्त एकाच वेळी हवं असतं.

आणि आता रान, ज्यासाठी खरं तर इथं यावं.

वनस्पतिशास्त्रज्ञ उत्तर सह्याद्रीतल्या या निमसदाहरित जंगलाची ओळख तीन झाडांनी करून देतात: अंजनी, जांभूळ आणि पिसा. वाटेवर तिघंही भेटतात. अंजनी उन्हाळ्यात खोडाफांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ धरते. जांभूळ सगळ्यांच्या ओळखीचं, पण इथली जांभळीची खोडं पाहिल्यावर गावातलं झाड पोरवयाचं वाटतं. यांच्या जोडीला हिरडा, आंबा, उंबर, ऐन, किंजळ. झाडांवर चढलेल्या वेली मांडीइतक्या जाड असतात. त्यांत गारंबी नजरेत भरते, तिची शेंग हाताएवढी लांब आणि बी लाकडासारखी कठीण. जमिनीवर पालापाचोळ्याचा जाड थर असतो. त्याच्याखाली माती काळी, मऊ आणि चार महिन्यांच्या मुसळधारेनंतरही जागेवर. मुळांनी ती धरून ठेवलेली आहे आणि पाचोळ्यानं पावसाचा मारा झेललेला आहे. धरणाच्या दृष्टीनं या रानाची सर्वांत मोठी कामगिरी हीच. इथलं झाड गेलं तर ती माती गाळ होऊन तलावात बसेल आणि तेवढ्या टीएमसीची जागा खाईल. जलाशयानं रानाला माणसांपासून तोडलं, आणि रान जलाशयाला गाळापासून वाचवतं आहे.

वर झाडांचे शेंडे एकमेकांत मिसळलेले असतात. या छताचा सर्वांत मोठा गरजवंत म्हणजे शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो जमिनीवर क्वचित उतरतो, एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या घेतच त्याचं आयुष्य जातं, आणि काटक्या-पानांची गोल घरटी तो एकापेक्षा जास्त झाडांवर बांधतो. मधली दोन झाडं तुटली की त्याचा रस्ता तुटतो. शेकरू जिथं सहज दिसतो तिथलं छत सलग आहे असं खुशाल समजावं. वासोट्याच्या वाटेवर मान वर करून थोडं थांबलं तर त्याची खडखडाटी हाक ऐकू येते. पहाटे निघालेल्यांना शीळकरी कस्तुराची शीळ ओढ्याजवळ ऐकायला मिळते. माणसानं सहज शीळ घालावी तशी ती लयीत येते आणि मधेच तुटते.

मोठी जनावरं दिवसा फार दिसत नाहीत, पण त्यांच्या खुणा भरपूर. गव्याचे खूर ओढ्याकाठच्या चिखलात उमटलेले असतात. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, त्यामुळं ठसा खोल असतो. अस्वल वारुळं उकरतं, झाडांवर नखांचे ओरखडे ठेवतं, आणि त्याच्या विष्ठेत जांभळाच्या बिया सापडतात. सांबर, भेकर, पिसोरी, रानकुत्री, बिबट्या हे सगळे या रानाचे रहिवासी. वाघ इथं फार कमी उरला होता. अलीकडं कॅमेऱ्यांत नर वाघ टिपले गेले, आणि २०२५च्या अखेरीस ताडोब्याहून वाघिणी आणून सोडण्याचं काम सुरू झालं. शिवाजी महाराजांनी या किल्ल्याला व्याघ्रगड असं नाव दिलं होतं, ते नाव शोभावं असा काळ परत यावा यासाठी बरीच माणसं मनापासून राबत आहेत.

या प्रदेशाचं नाव मिळालेला एक छोटा प्राणीही इथं आहे. धरणाचं काम पुरं होत असताना, १९६३ मध्ये, कोयना परिसरातल्या एका नव्या भेकाचं शास्त्रीय वर्णन झालं आणि त्याच्या नावात कोयना आली. जगात तो फक्त उत्तर सह्याद्रीच्या थोड्या भागात सापडतो. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारसा मिळाला तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जागा निवडल्या गेल्या: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. बामणोलीला जाताना आणि वासोटा चढताना त्यांतल्या दोन जागा एका दिवसात पायाखालून जातात.

वर चढत गेलं की एके ठिकाणी वाट फुटते. एक फाटा नागेश्वरच्या गुहेकडं, दुसरा वासोट्याला. वनखात्यानं खुणा केलेल्या आहेत, त्या पाहूनच पुढं जावं. इतर डोंगरांत नवख्याला ढोरवाटा चकवतात. इथं गुरं नाहीत, पण गव्यांच्या वाटा आहेत, आणि त्या माणसाच्या वाटेइतक्याच मळलेल्या असतात. फरक ओळखायची एक युक्ती आहे: जनावराच्या वाटेवर पायांपाशी मोकळं असतं पण छातीच्या उंचीला फांद्या आडव्या येतात, माणसांच्या वाटेवर त्या फांद्या मोडलेल्या किंवा तोडलेल्या असतात. गवा खाली मान घालून घुसतो, त्याला वरची फांदी अडत नाही.

माथा जवळ आला की झाडी बुटकी होते आणि कारवी लागते. सात-आठ वर्षांनी एकदा सगळी कारवी एकाच वेळी जांभळी फुलते, बी धरते आणि मरते. तिच्या वाळक्या काठ्यांच्या कुडावर शेणमाती लिंपून सह्याद्रीतल्या कित्येक पिढ्यांनी घराच्या भिंती उभ्या केल्या. कारवी संपता संपता पडक्या दरवाजांचे अवशेष येतात आणि गड सुरू होतो.

गडावर छप्पर नसलेलं मारुतीचं देऊळ, महादेवाचं मंदिर, वाड्याची जोती, चुन्याचा घाणा, पाण्याची टाकी. हे सगळं पाहायला तासभर पुरतो, पण पाय थांबतात ते बाबूकड्यावर. अर्धवर्तुळाकार सरळ तुटलेला कडा, समोर जुना वासोटा, आणि खाली कोकण. पश्चिमेच्या माचीवरून रसाळगड, सुमारगड, महिपतगड, चकदेव अशी रांग ओळखता येते. कड्याच्या टोकाशी उभं राहू नये. कोकणातून वर चढणारा वारा इथं अचानक झोतानं येतो, आणि कातळावरची बारीक खडी पायाखालून सरकते. अशा कड्यांना आग्या माश्यांची मोहोळं असतात. धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तर त्यांना खपत नाही. माश्या उठल्या तर हात न झाडता तोंड झाकून दाट झाडीत शिरावं.

या आडबाजूच्या जागेचा इतिहास बंदिवासाचा आहे. शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं किल्ला बांधला असं मानलं जातं. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली, आणि १६६० मध्ये वासोटा स्वराज्यात आला. पुढच्या वर्षी राजापूरच्या वखारीतल्या काही इंग्रजांना इथं कैदेत ठेवलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ताई तेलीण या बाईनं हा किल्ला पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याविरुद्ध अनेक महिने लढवला. औंधच्या प्रतिनिधींच्या बाजूनं उभी राहिलेली ही बाई शाळेच्या पुस्तकात सापडत नाही, ती सापडायला हवी. पेशवाईच्या अखेरीस साताऱ्याच्या छत्रपतींचं कुटुंब आणि दोन इंग्रज अधिकारी इथंच अडकवून ठेवले होते. एप्रिल १८१८ मध्ये जनरल प्रिट्झलरच्या इंग्रज फौजेनं जुन्या वासोट्यावर तोफा चढवून मारा केला आणि किल्ला पडला. बाबूकड्यावरून जुना वासोटा किती जवळ आणि किती वर आहे ते दिसलं की या किल्ल्याचं दुबळं अंग कुठलं होतं हे लगेच कळतं. तोफ नसलेल्या काळात मात्र खोल रान हाच इथला तट होता.

उतरताना जास्त सांभाळायचं. चढताना दमतो तो श्वास, उतरताना दुखतात ते पाय. मांडीचे पुढचे स्नायू उतरणीवर ताणले जात असतानाच आकुंचन पावतात, शरीराला ब्रेक लावत राहतात. या कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय कळवळतात. उपाय सोपे आहेत: लहान पावलं, गुडघा किंचित वाकलेला, हातात काठी, आणि घसाऱ्यावर तिरकं उतरणं. वाळका पाचोळा सर्वांत फसवा, त्याखाली गोल दगड आहे की मूळ हे दिसत नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, रानात अंधार त्याच्या बराच आधी येतो, आणि खाली बोट ठरल्या वेळी निघणार असते. मोबाइलला रेंज नसते. इतर गडांवर उशीर झाला तर पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर रात्र काढता येते. इथं पायथ्याला गाव उरलेलंच नाही. वासोट्याची मध्यम वाट अवघड होते ती या एका कारणानं, आणि म्हणून दुपारी ठरवलेल्या वेळी, गडावरचं काही पाहायचं राहिलं असलं तरी, मागं फिरायलाच हवं.

नागेश्वरला महाशिवरात्रीला जत्रा भरते. कोकणातल्या चोरवण्याकडून माणसं अख्खा सह्याद्री चढून गुहेतल्या शंकराला येतात. घाटावरचं आणि खालचं येणंजाणं किती जुनं आणि किती रोजचं होतं, याचा तो उरलेला पुरावा. धरणाआधी या खोऱ्यातली माणसंही अशीच खाली-वर जात असत, लग्नांना, बाजारांना, देवांना. परतीच्या बोटीत नावाडी बहुधा याच काठचा असतो. त्याला विचारा, तुमचं मूळ गाव कुठलं. बोट त्या गावावरून जात असेल तर तो जागा दाखवतो आणि देऊळ कुठं होतं तेही सांगतो. माझी वनखात्याकडं एवढीच मागणी आहे की बामणोलीच्या धक्क्यावर, परवान्याच्या खिडकीशेजारी, त्या सगळ्या गावांची नावं घातलेला एक मोठा नकाशा लावावा.